वाजवणाऱ्याचे ओठ

आधी बीट करून पाहिलं.
किसलं, पिळलं, रस आटवला,
तेलात घातला तर थेंब थेंब वेगळे बसले,
एका चुलीवर न पटणाऱ्या जावांसारखे.
मेण घट्ट झालं तेव्हा लाल सगळं तळाशी,
वर नुसतं पिवळट, ओठांवर घासलं की कचकच.
ढोल वाजवणारे मेव्लुतकाका म्हणाले,
पोरी, हे बुटांना लाव.

चिल्दिरचं तळं गोठलं होतं,
त्यावरून घोड्यांच्या घसरगाड्या जात होत्या,
आणि बाबांच्या खालच्या ओठावर
मधोमध ती चीर,
मार्च संपेपर्यंत न मिटणारी.

बाबा लग्नांत झुर्ना वाजवतात.
जर्दाळूच्या लाकडाची नळी, तोंडाशी वेताची जिभली,
जिभलीमागे पितळेची चकती.
तिच्यावर ओठ दाबून धरायचे,
गालांत वारा साठवायचा, नाकानं श्वास ओढत राहायचा.
नवरी दारात पोचेपर्यंत
सूर तुटता कामा नये.
उणे वीसमध्ये पितळ ओठाला धरून ठेवतं,
सोडवताना साल घेऊन येतं.
बाबा रक्त गिळतात आणि पुढची धून धरतात.

रतनजोतीचं मूळ झेकियेनं दिलं.
मधमाश्या पाळते ती, एक डोळा कायम सुजलेला.
म्हणाली, पाण्यात टाकशील तर ही तोंड उघडणार नाही.
तेलात टाक. मग थांबवून दाखव.
मेणाची वडी दिली, तिच्यात
माशीचा एक पंख अडकलेला.

मूळ काळपट, वाळकं,
साल सापाच्या कातीसारखी सुटत होती.
बरणीत अक्रोडाचं तेल, बरणी पाण्यात, पाणी शेगडीवर,
उकळू द्यायचं नाही, नुसतं कोमट ठेवायचं,
ताप उतरलेल्या माणसाच्या कपाळाएवढं.
पहिला तासभर काही नाही.
मग सालीच्या कडेनं एक गुलाबी धागा निघाला,
मग दुसरा,
आणि मी बकऱ्यांना चारा घालून परत आले तर
बरणीत डाळिंब.

मेण मुळ्याच्या किसणीवर किसलं.
चार चमचे तेलाला एक चमचा,
थंड चमच्यावर थेंब टाकून पाहायचा:
बोट सरकलं तर ठीक, खडा झाला तर तेल वाढव.
बडीशेपेच्या गोळ्यांची डबी धुऊन ठेवली होती.
तिच्यात ओतलं. मधोमध खळगा पडला
आणि रंग गडद झाला, माझ्या अंदाजापेक्षा फारच.

मला सांगायचं होतं त्यांना.
खरंच सांगायचं होतं.
पण गाडी आली, मेव्लुतकाकांनी हाक मारली,
बाबांनी अंधारातच डबी उघडली,
बोटानं भरपूर घेतलं, वरच्या ओठाला, खालच्या ओठाला,
आणि निघून गेले.

पुढचं मेव्लुतकाकांकडून कळलं.
मांडवात दिवे लागले तेव्हा
नवरीच्या मावशीनं आधी पाहिलं.
मग तिनं शेजारणीला कोपर मारलं.
मग पुरुषांची बाजू.
साठीचा माणूस, पांढऱ्या मिश्या,
खाली ओठ नवरीहून लाल.
काका हसले, त्यांचा ठेका चुकला,
पंचवीस वर्षांत पहिल्यांदा.
बाबांना वाटलं थंडीनं चुकला.
तीन तास वाजवलं त्यांनी.
चकती एकदाही चिकटली नाही.

घरी आले तेव्हा आरसा दाराशीच होता.
मी झोपेचं सोंग घेतलं.
आरशासमोर ते बराच वेळ उभे होते,
तांब्यातलं पाणी मात्र वाजलं नाही.

सकाळी शेगडीच्या कठड्यावर डबी,
बोटानं कोपऱ्यांतलंही निपटून घेतलेली.
"मेनेक्शे," म्हणाले, "मेण थोडं वाढव.
गाडीत पातळ होतं."
रंगाबद्दल मी काही विचारलं नाही.
चहाचा पेला त्यांनी फिरवून पाहिला,
काठावर काल रात्रीची लाल कड होती,
आणि तिथूनच प्यायले.